न टिपलेलं कपाळ

आमच्या कारखान्यात मी आले की बायका न सांगता हात धुवायला उठतात. क्वालिटीच्या माणसाला याहून मोठा मान मिळत नाही. मला तो आवडतो, हे आधीच कबूल करून टाकते. माझं नाव भावना. राहते नौपाड्यात, नोकरी वागळे इस्टेटमध्ये, आणि दुसऱ्याच्या चुका काढण्याचा मला पगार मिळतो. घरीही मी त्या काढते, पण तिथे कोणी पगार देत नाही.

आम्ही स्टेंटवर लेप चढवतो. स्टेंट म्हणजे काय हे आता कोणाला सांगावं लागत नाही. प्रत्येक घराण्यात एक तरी काका असा असतोच, ज्यांच्या छातीत ती जाळीची नळी बसवलेली आहे आणि जे चहात साखर नको म्हणतात आणि मग जिलेबी खातात. ही नळी पेनाच्या रिफिलहून बारीक आणि बोटाच्या एका पेराएवढी लांब. पण नुसता धातू रक्तवाहिनीत ठेवला की शरीर त्याला परका समजतं. त्याच्याभोवती पेशी वाढवत बसतं आणि उघडलेली वाट पुन्हा बुजते. म्हणून जाळीच्या प्रत्येक तारेवर औषध मिसळलेला लेप फवारायचा, केसाच्या दहाव्या हिश्शाएवढा पातळ. शरीराने त्या परक्याला निमूट राहू द्यावं, एवढंच त्या लेपाचं काम.

तो लेप नीट बसला की नाही हे बघायचं काम शीला गायकरचं. सत्तेचाळीस वर्षांची, विठ्ठलवाडीला राहणारी, अंगाने किरकोळ, बोलणं अगदी कमी. सूक्ष्मदर्शकाखाली एकेक नळी फिरवून ती प्रत्येक तार बघायची. कुठे लेप जाड झालाय, कुठे दोन तारांच्या मधे पडदा धरलाय, कुठे धातू उघडा राहिलाय. नऊ वर्षांत तिच्या नजरेतून खोट सुटल्याची एकही नोंद माझ्याकडे नाही. बाहेरून तपासणीला आलेले पाहुणे तिचं कौतुक करतात आणि मग हळूच मला विचारतात, यांचे मिस्टर हार्टने गेले का? लोकांना गोष्ट कशी नीटनेटकी लागते. नाही, हार्टने नाही गेले. डेंग्यूने गेले, पाच दिवसांत. त्यांच्यामागे तिला नोकरी हवी होती, आम्हाला चांगले डोळे हवे होते. एवढीच ती गोष्ट.

मूलबाळ नाही. सासू होती, आवडाबाई. तीही विधवा, ऐंशीच्या घरातली. दोघी मिळून राहायच्या, भांडायच्या, एका ताटात जेवायच्या. दोन वर्षांपूर्वी म्हातारी गेली. तेव्हापासून शीलाताई घरी एकटी. दीर-जावा त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर आहेत. लग्नकार्याला तिला बोलावतात आणि ओटी भरायची वेळ आली की स्वयंपाकघरात पाठवतात. हे मला तिने सांगितलेलं नाही. तिने मला नऊ वर्षांत स्वतःबद्दल काहीच सांगितलं नव्हतं, एक गोष्ट सोडून. ती सांगायची तर आधी क्लीन रूमचे नियम सांगायला हवेत.

क्लीन रूम म्हणजे जिथे लेप चढतो ती खोली. तिथली हवासुद्धा गाळून सोडलेली. आत जाताना पावडर नाही, काजळ नाही, नेलपॉलिश नाही. कुंकू, टिकली, बांगड्या, मंगळसूत्र, सगळं बाहेर लॉकरमध्ये. हा नियम मी लिहिला तेव्हा काय गहजब झाला होता. एकीची सासू थेट गेटवर आली आणि वॉचमनला म्हणाली, त्या बाईला खाली बोलव, जी माझ्या सुनेचं मंगळसूत्र काढते. मी खाली गेले, तिला चहा पाजला, सूक्ष्मदर्शकातून कुंकवाचा एक कण दाखवला. तो तिला विटेएवढा दिसला असावा. बोटातली जोडवी राहू द्या, या तडजोडीवर प्रकरण मिटलं.

तर त्या नियमाबद्दल शीलाताई एकदा मला म्हणाली होती, "आत गेलं ना मॅडम, की सगळ्या सारख्याच दिसतात." मी तो माझ्या नियमाचा गौरव समजले. शिस्तीची कदर आहे बाईला, असं वाटलं मला. दर संक्रांतीला सुट्टी टाकणाऱ्या बायका एकीकडे आणि सणावारालाही हक्काने आत बसणारी ही एकीकडे. ती कशासाठी आत बसते, हे मी कधी विचारलं नाही.

यंदा संक्रांतीनंतरच्या शुक्रवारी बायकांनी जेवणाच्या सुट्टीत हळदीकुंकू करायचं ठरवलं. दरवर्षी करतात. कारखान्यात हळद मला नकोच वाटते, पण नाही म्हटलं असतं तर लपूनछपून केलं असतं, आणि ते जास्त वाईट. म्हणून मी अट घातली होती. कॅन्टीनमध्ये करायचं, मग साबणाने तोंड धुवायचं, आणि क्लीन रूमच्या दाराशी मी स्वतः प्रत्येकीचं कपाळ पांढऱ्या टिशूने पुसून बघणार. टिशूवर डाग दिसला तर परत धुवायला पाठवणार. सुरुवातीला बायका तयार होईनात. सणाच्या दिवशी कपाळ पुसायचं म्हणजे काय, मॅडम? मलाही ते ऐकायला बरं वाटेना. मग आम्ही त्याला टिपणं म्हणायला लागलो. पुसायचं नाही, टिपायचं. प्रत्येकीचा टिशू मी तिच्या नावासह कागदाला लावून फाईलमध्ये ठेवायचे. हसू नका, याला पुरावा म्हणतात.

शीलाताईला आम्ही हळदीकुंकवाला बोलवत नव्हतो. वाईट बुद्धीने नव्हे. तिला उगीच अवघडल्यासारखं व्हायला नको, असं आमचं ठरलेलं होतं. आणि ठरवणाऱ्यांत मी पहिली. मी स्वतःला चांगली सुधारलेली समजते. घरी वटपौर्णिमा करत नाही, त्यावर चार बायकांसमोर भाषणही ठोकते. पण शीलाताईचा तिळगूळ आणि वाण मी दरवर्षी गुपचूप तिच्या लॉकरमध्ये ठेवून यायचे आणि आपण किती समजूतदार आहोत, या विचारात जिना उतरायचे. तिने कधी तक्रार केली नाही. धन्यवादही म्हणाली नाही, हे आता आठवतं.

त्या शुक्रवारी सगळं वेळेवर झालं. सहा जणी दुपारच्या पाळीला आत जायच्या होत्या. एकेक जण डोक्यावरची कागदी टोपी वर सरकवून कपाळ पुढे करी, मी टिपी, नाव लिही. योगिनी म्हणून चोवीस वर्षांची मुलगी आहे, कंत्राटावरची, फवारणीच्या यंत्रावर नळ्या चढवते. तिच्या टिशूवर पिवळट डाग आला. तिला परत पाठवलं, ती धुऊन आली, पुन्हा टिपलं, साफ होतं. शेवटी शीलाताई होती. तिला मी म्हटलं, "तुम्ही जा." आणि फाईल मिटली.

सोमवारी सकाळी शीलाताई एक ट्रे घेऊन माझ्याकडे आली. लेप चढवलेला लॉट शनिवार-रविवार सुकतो, सोमवारी ती तो पुन्हा एकदा बघते. बारा नळ्यांवर पिवळे कण होते. तिने तक्रारीचा कागद स्वतः भरला होता, नेहमीच्या सुबक अक्षरात: पिवळे कण, शुक्रवार दुपार. मी एका कणावर क्षाराचा थेंब सोडला आणि तो लाल झाला. हळदीला चुना लागला की लाल होतं, हे माझ्या आजीला ठाऊक होतं, त्याला प्रयोगशाळेची गरज नाही. शुक्रवारचा सगळा लॉट, दोनशे चाळीस नळ्या, आम्ही मोडीत काढला. त्यातली एकही बाहेर गेली नव्हती, कोणाच्या छातीत पोचली नव्हती. पण वरच्या ऑफिसला एवढ्याने समाधान नव्हतं. गुरुवार संध्याकाळपर्यंत नाव हवं होतं. कोण?

मी फाईल उघडली. चार टिशू पांढरे, एक पिवळट. योगिनीला दुसऱ्यांदा टिपलं तो टिशू मी लावलाच नव्हता. घाई होती, टाकून दिला असेल. कागदावर तेवढी एकटी योगिनी दिसत होती. मी तिला बोलावलं. ती रडली, म्हणाली, तुम्हीच तर दुसऱ्यांदा बघितलंत. बघितलं होतं, पण कागदावर नव्हतं, आणि जे कागदावर नाही ते झालंच नाही, हे वाक्य मी वीस वर्षं लोकांना ऐकवत आले आहे. कंत्राटावरची मुलगी. नाव गेलं की दुसऱ्या दिवशी गेटवर तिचं कार्ड चालणार नव्हतं, आणि या धंद्यात तिला दुसरीकडे कोणी उभं केलं नसतं. दीड वर्षाचं मूल होतं तिला. दोन दिवस कारखान्यात कोणी माझ्याशी कामापलीकडे बोललं नाही.

खरं तर खूण समोर होती. कण सगळे पिवळे होते. लाल एकही नव्हता. जिला हळदीकुंकू लावलंय तिच्या कपाळावरून नुसती हळद कशी पडेल? कुंकूही पडेल. एवढी साधी गोष्ट माझ्यासारख्या बाईच्या लक्षात येऊ नये? काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय. मी योगिनीच्या मागे लागले होते.

बुधवारी अकराच्या सुमाराला शीलाताई केबिनमध्ये आली. मी रिपोर्टच लिहीत होते. ती बसली नाही. म्हणाली, योगिनीचं नाव लिहू नका, हळद माझी होती.

मी पेन खाली ठेवलं आणि तिच्याकडे बघून हसले. मला तिचं कौतुकच वाटलं. किती चांगली बाई, त्या पोरीसाठी स्वतःवर घेतेय. म्हटलं, शीलाताई, तुमचं मन मोठं आहे, पण हे असं चालत नाही, खोटं लिहिलं तर माझी नोकरी जाईल. ती म्हणाली, खोटं नाही. मग मी ते बोलले. प्रेमाने बोलले, मनात वाईट काहीही नव्हतं.

"अहो, तुम्हाला कोण लावणार?"



"कोणी नाय लावली," ती म्हणाली. "मी लावली. माझ्याच हातानी."

मग तिने उभ्याउभ्याच सांगितलं. बायका तोंड धुवायला गेल्या होत्या. ती कॅन्टीनच्या कोपऱ्यात डबा खात होती, जशी दरवर्षी खाते. टेबलावर करंडा तसाच उघडा होता. ती डबा धुवायला उठली आणि त्याच्यापाशी थांबली. आसपास कोणी नव्हतं. तिने हळदीत बोट बुडवलं आणि कपाळाला लावलं. कुंकवाकडे हात गेला नाही, म्हणाली. तेवढी हिंमत झाली नाही. बेसिनवरच्या आरशात बघितलं. मग घंटा झाली आणि तिने टोपी भुवयांपर्यंत ओढली. दुपारभर सूक्ष्मदर्शकावर वाकली की टोपीच्या कडेतून ती हळद खालच्या ट्रेमध्ये पडत राहिली असणार. तपासून बाजूला ठेवलेल्या नळ्यांवर पडत होती, त्यामुळे तिला दिसणं शक्य नव्हतं. सोमवारी पहिला कण दिसला तेव्हाच तिला कळलं होतं. ट्रे तिने लपवला नाही. पण तोंडही उघडलं नाही, दोन दिवस. जेवण गेलं नाही, म्हणाली, त्या पोरीकडे बघवेना. पण हे सांगायचं म्हणजे सगळं सांगायला लागणार होतं. सत्तेचाळीस वर्षांच्या बाईने चोरून हळद लावली, हे.

मी चिडले. खरंच चिडले, कारण मला दुसरं काही सुचेना. नऊ वर्षं तुम्ही आत काम करता, म्हटलं, एक कण काय करतो तुम्हाला माहीत आहे, धुतलं का नाही?

"तुम्ही टिपणार ना सगळ्यांना," ती म्हणाली. "मी रांगेत उभी होती, मॅडम. टोपी वर करायला हातपण नेलेला. मला वाटलं, आता मॅडमना दिसेल, मग धुवून येईन. तुम्ही बोलल्या, तुम्ही जा."

  बाहेर कोणीतरी ट्रॉली ढकलत नेत होतं, तिचं एक चाक वाजत होतं, आणि मला वाटत होतं की या चाकाबद्दल मी तीनदा लिहून दिलंय, अजून कोणी तेल घातलं नाही. माणूस असल्या वेळी कशाचा विचार करतो ते सांगवत नाही. तिला मी घरी जायला सांगितलं.

रिपोर्टमध्ये एक रकाना असतो, मूळ कारण. त्यात मी शीला गायकरचं नाव लिहिलं, कारण ते खरं होतं आणि तिने लिहा म्हणून सांगितलं होतं. त्याच्या खाली माझं नाव लिहिलं: तपासणी करणाऱ्या व्यक्तीने सहापैकी एका कर्मचाऱ्याचं कपाळ टिपलं नाही. पुढचा रकाना, का? तिथे मी अर्धा तास अडले. घाई होती, असं लिहिता आलं असतं. शेवटी लिहिलं: कर्मचारी विधवा असल्याने आवश्यक नाही असे गृहीत धरले. वरच्या ऑफिसमधून फोन आला, की हे वाक्य बदला, परदेशी लोक वाचतात. मी बदललं नाही. मला ताकीद मिळाली, ती फाईलमध्ये आहे. योगिनी राहिली. शीलाताईचं क्लीन रूमचं कार्ड बंद झालं आणि शुक्रवारपासूनच तिला तळमजल्यावर पॅकिंगला टाकलं.

रथसप्तमी यंदा रविवारी आली. हळदीकुंकवाचा तो शेवटचा दिवस. दुपारी मी करंडा पर्समध्ये घातला आणि विठ्ठलवाडीला गेले. तिचं घर स्टेशनापासून जवळ आहे, पहिल्या मजल्यावर, खोली आणि ओटा. तिने दार उघडलं आणि मला बघून घाबरली; तिला वाटलं अजून काही निघालं. मी म्हटलं, सहज आले. नऊ वर्षांत सहज आले नव्हते. घर इतकं स्वच्छ होतं की मला दोष काढायला जागा नव्हती. टीव्ही आवाज बंद करून चालू होता. माणसं दिसतात म्हणून लावते, ती म्हणाली, आवाज नको वाटतो. शनिवारी दुपारी आले की सोमवारी सकाळपर्यंत कोणाशी बोलणं होत नाही, मग सोमवारी पहिला शब्द काढताना घसा धरलेला असतो. हे तिने तक्रार म्हणून सांगितलं नाही. हवापाण्याबद्दल सांगावं तसं सांगितलं आणि चहा ठेवला.

चहा झाल्यावर मी करंडा काढला. तिने तो बघितला आणि हात मागे घेतले.

"राहू दे, मॅडम."

मी म्हटलं, अहो शीलाताई, हल्ली हे कोण मानतं?

"कोणी मानत नाय," ती म्हणाली, "तर मग नऊ वर्षं का नाय लावली?"

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं, रागाला उत्तर द्यायची मला सवय आहे. ती खरंच विचारत होती. मी करंडा हातात धरून बसले, आणि मला रडू आलं, आणि तिने माझ्या पाठीवर हात ठेवला, म्हणजे तेही काम तिनेच केलं. मग तिने समजावल्यासारखं सांगितलं की तुम्ही चांगल्या आहात, पण आजची ही हळद त्या रिपोर्टमुळे आहे, ती मला नको. मी करंडा परत पर्समध्ये टाकला.

ती मला खाली रिक्षापर्यंत सोडायला आली. वरच्या मजल्यावर जावेच्या घरी बायका जमल्या होत्या, त्यांच्या चपला जिन्यावरून पार शीलाताईच्या दारापर्यंत आल्या होत्या. त्यातून वाट काढत आम्ही उतरलो. रिक्षात बसले तरी ती बाजूला होईना. दांडा धरून उभी राहिली. मी विचारलं, काय झालं?

"पॅकिंगला सगळ्या टिकल्या लावून बसतात," ती म्हणाली. "मला आत परत कधी घ्याल, मॅडम?"

बघते, मी म्हटलं. एकदा बंद झालेलं कार्ड पुन्हा चालू करायचं नाही, असा नियम आहे. तो मी लिहिलेला आहे, आणि नऊ वर्षं दर जानेवारीला त्याच्याखाली तिने सही केलेली आहे.